आर्गन टॉर्चला घरच्या घरी वॉटर कूलर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाळूज-चिकलठाण्याच्या शेडपासून लातूर, जालना, नांदेडच्या रस्त्याकडेच्या वर्कशॉपपर्यंत सगळीकडून हेच प्रश्न येतात, आणि उन्हाळा लागला की जास्तच येतात. इथे टिग आणि आर्गन हे शब्द एकाच अर्थाने वापरलेत: आर्गन वायूच्या आवरणाखाली टंगस्टनच्या कांडीतून विजेचा आर्क काढून केलेलं वेल्डिंग. टॉर्च म्हणजे ती कांडी धरणारी मूठ, आणि वॉटर कूलर म्हणजे टॉर्चमधून पाणी फिरवून तो थंड ठेवणारी जुळणी. उत्तरं सुटी वाचली तरी चालतील. जिथे दुसरं उत्तर वाचायची गरज आहे तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. माझं काम सगळं स्टेनलेसचं आहे. मला वॉटर कूलर खरंच लागतो का?

बहुतेकांना नाही लागत, आणि हे आधीच सांगितलेलं बरं. स्टीलला जाडीच्या दर मिलिमीटरला साधारण ४० अँपिअर धरतात. हॉटेलचं टेबल, दुधाची टाकी, रेलिंग हे काम एक ते दोन मिलिमीटरचं, म्हणजे ८० अँपिअरच्या आत. हवेवर थंड होणारा १७ नंबरचा टॉर्च १५० अँपिअरचा आणि २६ नंबरचा २०० अँपिअरचा असतो. त्यांच्यावर हे काम आरामात निघतं.

पाण्याची गरज पडते ती जाड अॅल्युमिनियमला. एसी करंटवर टंगस्टन जास्त तापतं, १८० अँपिअरच्या पुढे लांब टाका (वेल्डची रेघ) मारला की हवेचा टॉर्च हातात धरवत नाही. दुसरं कारण आकाराचं. पाण्याचा २० नंबरचा टॉर्च हा ९ नंबरएवढाच लहान असतो, पण ९ नंबर १२५ अँपिअरचा आणि २० नंबर २५० अँपिअरचा. अडचणीच्या कोपऱ्यात काम करणाऱ्याला हा फरक लगेच कळतो.

२. १७ नंबरचा टॉर्च आहे, त्यालाच पाणी जोडता येईल का?

नाही. त्याच्या डोक्यात पाण्याला वाटच नसते. बाहेरून तांब्याची नळी गुंडाळायचे प्रयोग लोक करतात. त्यात टॉर्च जड होतो आणि केबल तापायची ती तापतेच. १८ किंवा २० नंबरचा टॉर्चच घ्यावा लागेल. १८ नंबर ३५० अँपिअरचा असतो. स्वस्त टॉर्चवर छापलेला आकडा मात्र थोडा कमीच धरून चाला.

३. नव्या टॉर्चला तीन नळ्या आहेत. कोणती कुठे जोडायची?

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. एक नळी गॅसची. दुसरी पाणी टॉर्चकडे नेणारी. तिसरी सगळ्यात जाड असते, तिच्या आत वेल्डिंगची तांब्याची केबल असते आणि टॉर्चमधून परतणारं पाणी तिच्यातूनच येतं. पाण्यात बुडालेली असल्यामुळेच ती केबल इतकी बारीक ठेवता येते. पाणी बंद असेल तर टॉर्चच्या डोक्याआधी ही केबल जळू शकते.

म्हणून दिशा ठरलेली: टाकी, पंप, पाण्याची नळी, टॉर्चचं डोकं, केबलची नळी आणि परत टाकी. उलटं जोडलं तरी पाणी फिरताना दिसतं, पण डोक्यापर्यंत पोचतं ते केबलने आधीच तापवलेलं.

जोडणीचा सोपा नियम: गॅसचा नट सरळ आट्याचा, पाण्याचा आणि केबलचा नट उलट्या आट्याचा. उलट्या आट्याच्या नटाच्या कडांवर बहुधा खाच असते. ती बोटाने चाचपून बघा आणि मगच पाना लावा. ‘फिरतच नाही’ म्हणून जोर लावून आटे मारलेले टॉर्च भरपूर बघायला मिळतात.

केबलची नळी मशीनला थेट बसत नाही. मध्ये पितळी अॅडॉप्टर लागतो. त्यातून करंट मशीनकडे जातो आणि पाण्यासाठी बाजूला निपल असतं. टॉर्च घेतानाच तुमच्या मशीनच्या सॉकेटला बसणारा अॅडॉप्टर मागून घ्या. नंतर तो शोधत हिंडणं फार त्रासाचं.

४. पाणी किती लागतं आणि दाब किती?

मिनिटाला साधारण एक लिटर. दाब ५० पीएसआयच्या वर जाऊ द्यायचा नाही, नळ्या आणि डोक्यातले जोड तेवढ्यासाठीच केलेले असतात. मीटर घ्यायची गरज नाही. सगळं जोडून, टॉर्च हुकाला अडकवून, परतीची नळी पाण्याच्या एक लिटरच्या बाटलीत धरा आणि मोबाईलवर वेळ लावा. मिनिटाच्या आत बाटली भरली तर ठीक. सव्वा मिनिट लागलं तर पंप कमी पडतोय किंवा कुठेतरी अडथळा आहे. ही चाचणी टॉर्च जोडलेला असतानाच घ्यायची. नुसत्या पंपाचं पाणी मोजून काही कळत नाही, कारण खरा अडथळा टॉर्चच्या बारीक वाटेत असतो.

५. एअर कूलरची मोटर पडून आहे, तीच लावली तर?

ती पाणी भरपूर फेकते, पण दाब देत नाही. दहा मीटर पाणी चढवणं म्हणजे साधारण सव्वाचौदा पीएसआय. कूलरची मोटर जेमतेम दीड-दोन मीटर चढवते, म्हणजे दोन-तीन पीएसआय. चार मीटर लांब, बारीक नळीच्या टोकाला त्यातून थेंब थेंब येतं. कारंज्याची आणि मत्स्यटाकीची मोटरही त्याच पंगतीत. गाडीच्या काचेवर पाणी मारणारी मोटर दाब बरा देते, पण ती सलग चालण्यासाठी नसते.

६. मग पंप कोणता घ्यावा?

आपल्याकडे याचं सगळ्यात चांगलं उत्तर मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात मिळतं. कपाशी-सोयाबीनच्या फवारणीला पाठीवरचे बॅटरीचे पंप आले तेव्हापासून त्यांची १२ व्होल्टची डायफ्रॅम मोटर तालुक्याच्या कुठल्याही शेती साहित्याच्या दुकानात सुटी मिळते. ती स्वतः पाणी ओढते, दाब गरजेपेक्षा जास्तच देते आणि डायफ्रॅमचा किट गावातच बदलून मिळतो. वर १२ व्होल्ट असल्याने पाण्याशेजारी २३० व्होल्ट नाचवावे लागत नाहीत. मोटरवर लिहिलेल्या अँपिअरपेक्षा थोडा मोठा १२ व्होल्टचा एसएमपीएस (घरच्या विजेचे १२ व्होल्ट करणारा डबा) घ्या. मोटर लोखंडी पत्र्यावर किंवा अॅल्युमिनियमच्या पट्टीवर बसवा, म्हणजे सलग चालली तरी तिची उष्णता निघून जाते. प्लॅस्टिकच्या डब्यात कोंडून ठेवलेली मोटर उन्हाळ्यात दुपारीच बसते.

आरओ फिल्टरची २४ व्होल्टची बूस्टर मोटरही चालते, पण तिचा प्रवाह काठावर असतो. बाटलीची चाचणी नापास झाली तर तशाच दोन मोटरी शेजारी-शेजारी (पॅरललमध्ये) लावा.

नळाला लावतात ती टिल्लू मोटर? चालते. पण तिचं अंग बहुधा बिडाचं, आणि शुद्ध पाण्यात बीड लवकर गंजतं. तो तांबडा गाळ टॉर्चच्या डोक्यात जाऊन बसतो. शिवाय प्रश्न १७ मधली विजेची भानगड मागे लागते. दुसरं काहीच मिळत नसेल तरच तिचा विचार करा.

७. घरी जुना फवारणी पंप आहे. टाकी, बॅटरी, मोटर सगळं तयार. तोच वापरू का?

कल्पना छान आहे. सोळा लिटरची टाकी आणि तळाशी जाळीसुद्धा मिळते. पण त्यातून कधीही औषध किंवा तणनाशक मारलं असेल तर वापरू नका. टाकीचं प्लॅस्टिक आणि मोटरचं रबर ते धरून ठेवतं. कितीही धुतलं तरी वास जात नाही, हे शेतकऱ्याला सांगायला नको. ते पाणी गरम होणार, नळी बदलताना हातावर येणार, कोंदट शेडमध्ये त्याची वाफ नाकात जाणार. नवी मोटर आणि नवी टाकी घ्या, जुना पंप फवारणीलाच राहू द्या.

८. फवारणीच्या मोटरचा दाब जास्त असतो म्हणता, मग तो ५० च्या खाली कसा ठेवायचा?

मोटरच्या पुढे एक टी लावायची. एक फाटा टॉर्चकडे, दुसरा छोट्या व्हॉल्व्हमधून सरळ टाकीत परत. टॉर्चच्या फाट्यावर प्रेशर गेज. सुरुवातीला व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवून मोटर चालू करा, मग हळूहळू बंद करत ३० ते ३५ पीएसआयवर आणा आणि बाटलीची चाचणी घ्या. त्यानंतर व्हॉल्व्हचा दांडा काढून ठेवा, कारण वर्कशॉपमध्ये येणारा प्रत्येक जण तो फिरवून बघतो.

मोटरच्या डोक्यावर असलेल्या दाबाच्या स्विचवर भिस्त ठेवू नका. तो बऱ्याचदा ५० च्या वरच तुटतो, आणि तुटला-जुळला करत राहिला तर पाणी झटक्याझटक्याने येतं. परतीच्या नळीवर मात्र कुठलाही व्हॉल्व्ह बसवायचा नाही. ती चुकून बंद झाली किंवा ट्रॉलीच्या चाकाखाली आली की सगळा दाब टॉर्चवर येतो.

९. टाकी केवढी ठेवू? रेडिएटर लागतोच का?

हिशोब करून बघू. मिनिटाला एक लिटर पाणी एक अंशाने तापलं तर ते साधारण ७० वॉट उष्णता नेतं. टॉर्चमधून पाणी दहा अंशांनी तापून येत असेल तर ते ७०० वॉट झाले. २० लिटरच्या बादलीला ७०० वॉट मिळाले तर दोन मिनिटांत एक अंश, म्हणजे वीस मिनिटांच्या सलग आर्कमध्ये दहा अंश. पण सलग वीस मिनिटं आर्क कोण ठेवतो? टाका मारायचा, जॉब फिरवायचा, घासायचा, रॉड शोधायचा. निम्मा वेळ आर्क धरला तरी चाळीस मिनिटं मिळतात.

म्हणून अधूनमधून अॅल्युमिनियम करणाऱ्याला ५० लिटरचा निळा ड्रम पुरतो, रेडिएटर नको. ड्रमच्या पाण्यात हात बुडवून ठेवता येईनासा झाला की चहाची सुट्टी घ्यायची. दिवसभर तेच काम असेल तर रेडिएटर आणि पंखा लावा. भंगारातल्या गाडीच्या केबिन हीटरची जाळी चांगली, मिळाली तर तांबं-पितळेची. अॅल्युमिनियमची जाळी आणि टॉर्चमधलं तांबं एकाच पाण्यात आले की अॅल्युमिनियम हळूहळू खाल्लं जातं. जाळी जुनी असेल तर आतला गंज आणि गाडीचा जुना कूलंट निघेपर्यंत धुऊन घ्या. ती परतीच्या नळीवर, टाकीच्या आधी बसवायची.

१०. मे महिन्यात इथे ४२-४३ अंश असतात. मग रेडिएटर काय थंड करणार?

बरोबर प्रश्न. पंख्याचा रेडिएटर पाणी हवेपेक्षा थंड करूच शकत नाही. ४३ अंशांच्या शेडमध्ये टाकीतलं पाणी त्याहून वरच राहणार. टॉर्च तेवढ्याने मरत नाही. ४५ अंशांचं पाणी वाहत असेल तर टंगस्टनच्या तापमानापुढे ते थंडच, फक्त मूठ गरम लागते.

पण आपला उन्हाळा कोरडा आहे, आणि त्याचा फायदा घेता येतो. वाळ्याच्या ताट्यांचा किंवा हनीकॉम्बचा कूलर चालू असतो तेव्हा त्याच्या टाकीतलं पाणी बाष्पीभवनामुळे हवेपेक्षा बऱ्याच अंशांनी थंड असतं. एसीवाल्याकडून तीन सुती तांब्याची पाच-सहा मीटर नळी घ्या, तिचं वेटोळं करून त्या टाकीत बुडवा आणि टॉर्चची परतीची लाईन त्या वेटोळ्यातून घ्या. टॉर्चचं शुद्ध पाणी नळीच्या आत, कूलरचं खारं पाणी बाहेर, दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. कूलर माणसालाही हवा देतो आणि टॉर्चलाही. फक्त त्याचा झोत आर्कवर येऊ देऊ नका, आर्गन उडून जाईल. पावसाळ्यात ही युक्ती फिकी पडते, पण तेव्हा हवाच थंड असते.

११. टाकीत बर्फाची लादी टाकली तर?

कोरड्या मे महिन्यात फारसं बिघडत नाही. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत मात्र थंड टॉर्चला थंड पाण्याच्या तांब्यासारखा घाम सुटतो, आतूनही आणि बाहेरूनही. तो ओलावा आर्कमध्ये गेला की अॅल्युमिनियमच्या टाक्यात बारीक छिद्रं पडतात, आणि माणूस आर्गनच्या सिलिंडरला दोष देत बसतो. पाणी हवेच्या तापमानाच्या आसपास असू द्यावं.

१२. पाणी कोणतं भरू? बोअरचं चालेल का?

बोअरचं नको. आपल्याकडे गीझरच्या कॉइलवर क्षाराचा जो पांढरा थर बसतो, तोच टॉर्चच्या डोक्यात बसतो, आणि तिथली वाट काडीएवढी. पाणी क्षारांचं असलं की त्यातून वीजही वाहते, त्याबद्दल प्रश्न १९ पाहा.

बॅटरीच्या दुकानात डिस्टिल वॉटरचे कॅन मिळतात, ते घ्या. तिथे अॅसिडही तशाच कॅनमध्ये असतं, त्यामुळे लेबल वाचून घ्या. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी क्षारांच्या बाबतीत चांगलं असतं, पण त्यात धूळ असते, फडक्यातून गाळून घ्या. आरओचं पाणी कामचलाऊ. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) असेल तर माझा अंदाज सांगतो: आकडा ५० च्या वर चढला की पाणी बदलून टाकायचं.

टाकीवर ऊन पडलं की शेवाळ धरतं. निळा किंवा काळा ड्रम, घट्ट झाकण आणि सावली एवढ्याने काम भागतं.

१३. गाडीचा हिरवा कूलंट टाकू का? थंडीत पाणी गोठेल ना?

परभणीचा पारा डिसेंबर-जानेवारीत चांगलाच खाली येतो, तरी वर्कशॉपमधलं पाणी गोठत नाही, त्यामुळे गोठणरोधकाची गरज नाही. गाडीच्या कूलंटमधली रसायनं वीज वाहून नेतात, आणि गळती बुजवणारं काही त्यात मिसळलेलं असेल तर ते आधी टॉर्चच बुजवतं. टिगसाठी वेगळा कूलंट विकत मिळतो. परवडत असेल तर तो वापरा, नाहीतर डिस्टिल वॉटर.

१४. पंपाची कटकट नको. थेट नळाला जोडून पाणी मोरीत सोडलं तर?

मिनिटाला लिटर, म्हणजे आठ तासांत ४८० लिटर. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या भागात हा सल्ला कोण देणार? शिवाय नळाचा दाब भरवशाचा नसतो आणि पाणी मध्येच जातं.

१५. पाणी थांबलं तर कळणार कसं?

या सगळ्या जुळणीत खरी काळजी याचीच घ्यायची. पाणी गरम असलं तर टॉर्च निभावून नेतो. पाणी थांबलं तर मोठ्या करंटवर काही सेकंदांत केबलची नळी फुगते आणि डोक्यातले जोड सुटतात.

सोपा उपाय म्हणजे परतीची नळी टाकीत बुडवू नका. पाण्याच्या वर, नजरेच्या टप्प्यात ठेवा. धार पडताना दिसली पाहिजे, तिचा आवाज आला पाहिजे.

त्याहून पक्का उपाय फ्लो स्विच, म्हणजे पाणी वाहिलं तरच जुळणारा स्विच. तो परतीच्या लाईनवर बसवून टॉर्चच्या बटणाच्या वायरीत सिरीजमध्ये घ्यायचा, म्हणजे पाणी नसेल तर बटण दाबूनही आर्क लागणार नाही. विकत घेताना कमी प्रवाहावर उठणारा मागा. गॅस गीझरमधला बऱ्याचदा मिनिटाला एक लिटरवर उठत नाही. आरओमधला प्रेशर स्विच इथे उपयोगाचा नाही, कारण नळी चोंदली तरी दाब असतोच.

एक अपवाद नीट लक्षात घ्या. मशीन ‘फोर-टी’ मोडवर असेल तर बटण एकदा दाबून सोडल्यावर आर्क चालूच राहतो. तेव्हा बटणाची वायर तशीही तुटलेलीच असते, त्यामुळे मध्ये पाणी थांबलं तरी फ्लो स्विच काही करू शकत नाही. फोर-टी वापरणाऱ्यांनी आणि बटण नसलेल्या लिफ्ट-आर्क (टंगस्टन टेकवून उचललं की आर्क लागणाऱ्या) मशीनवाल्यांनी फ्लो स्विचवर १२ व्होल्टचा मोठा भोंगा लावावा.

१६. मध्येच लाईट गेली तर?

लाईट गेली की मशीनही बंद पडतं, त्यामुळे टॉर्चला नवीन उष्णता मिळत नाही. धोका लाईट परत येते तेव्हा. मशीन चालू होतं, पण पंपाचा प्लग वेगळ्या बोर्डावर असतो आणि तो कोणीतरी बंद केलेला असतो. पंप आणि मशीन एकाच मेन स्विचवर घ्या. काम संपल्यावरही पंप दोन-तीन मिनिटं चालू द्या.

१७. पाणी आणि करंट एकत्र. शॉक नाही ना बसणार?

टॉर्चमधलं पाणी केबलला लागूनच वाहतं, सगळ्याच वॉटर-कूल्ड टॉर्चमध्ये तसं असतं. घरच्या जुळणीत खरा धोका २३० व्होल्टच्या बाजूने येतो. म्हणूनच प्रश्न ६ मध्ये १२ व्होल्टची मोटर सुचवली. एसएमपीएस टाकीच्या वर किंवा खाली न ठेवता बाजूला, भिंतीवर लावा आणि त्याच्या बॉडीला अर्थिंग द्या. टिल्लू वापरायचीच असेल तर ३० मिलीअँपिअरचा ईएलसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि चांगली अर्थिंग हवीच, नाहीतर तो बेत सोडा.

१८. टंगस्टन काळं-निळं पडतंय, टाक्यात छिद्रं येतात. टॉर्चमध्ये पाणी गळतंय का?

शक्यता आहे, पण आधी आर्गनची नळी, सिरॅमिक (टॉर्चच्या तोंडावरची टोपी) आणि गॅसचा प्रवाह तपासा. बहुतेक वेळा दोष तिथेच निघतो. पाण्याची खात्री करायची तर मशीन बंद, गॅस बंद, पंप चालू. मागची टोपी, टंगस्टन, कोलेट (टंगस्टन पकडणारी चिमटी), सिरॅमिक सगळं काढा, डोकं आतून कोरडं पुसा आणि खाली तोंड करून वर्तमानपत्रावर दहा मिनिटं धरा. कागदावर ओला डाग आला तर डोकं गेलं. ते झाळत बसू नका, नवं डोकं घ्या.

१९. कूलर जोडल्यापासून आर्क लवकर लागत नाही. आधी टिचकीत लागायचा.

बोअरचं किंवा जुनं पाणी आहे ना? आर्क लावणारी हाय-फ्रिक्वेन्सी वीज क्षारयुक्त पाण्यातून टाकीकडे, रेडिएटरकडे पळते, टोकाला कमी उरते. पाणी बदलून बघा. लोखंडी टाकी अर्थ क्लॅम्पच्या टेबलाला टेकलेली असेल तर तीही बाजूला करा.

२०. दोन मशीन आहेत. एका टाकीवर दोन टॉर्च चालतील?

टाकी आणि रेडिएटर एक चालेल, पंप दोन हवेत. एका पंपाला टी मारून दोन टॉर्च जोडले की पाणी सोप्या वाटेने जातं, आणि ज्याची वाट चोंदलेली तो उपाशी राहतो. फ्लो स्विचही प्रत्येकाचा वेगळा. पाणी डिस्टिलच पाहिजे, कारण त्या पाण्यातून दोन्ही मशीन एकमेकांना जोडली जातात आणि एकाची हाय-फ्रिक्वेन्सी दुसऱ्याच्या टॉर्चपर्यंत पोचू शकते. दुसरा टॉर्च वापरात नसेल तेव्हा त्याचं मशीन बंद ठेवा आणि टॉर्च लाकडी खुंटीला टांगा, लोखंडी टेबलावर टाकून ठेवू नका.